शिपाई भत्त्यात शिपाई मिळत नाही

आमच्या शाळेत बेचाळीस कुलपं आहेत. हा आकडा मला आमचे शिपाई भाऊ निवृत्त झाले त्या दिवशी कळला. त्या दुपारी ते माझ्या खोलीत आले, टेबलावर जुना पेपर पसरला आणि चाब्यांचा जुडगा सोडून एकेक चाबी मांडत गेले. प्रत्येक चाबीला गणवेशाच्या कापडाची चिंधी बांधलेली. निळी चिंधी वर्गांची, पांढरी कपाटांची, लाल प्रयोगशाळेची. "ह्या कुलपाले थोडं वर उचलून फिरवा लागते मॅडम, नाही तं चाबी आतच तुटते. अन् हे दार पावसाळ्यात फुगते. पहिले दार लोटाचं, मंग चाबी." मी वहीत लिहून घेत होते. एकतीस वर्षांची नोकरी आणि निरोपाच्या दिवशी त्या माणसाला काळजी होती ती दार तुटू नये याची.

शेवटी त्यांनी विचारलं, "माह्या जागी कोन येनार हाय?"

कोणी येणार नव्हतं. त्यांच्या निवृत्तीबरोबर त्यांचं पदही संपलं होतं.

ज्यांचा शाळेशी रोजचा संबंध नाही, त्यांना हे माहीत नसतं म्हणून सांगते. ११ डिसेंबर २०२०च्या शासन निर्णयानं राज्यातल्या अनुदानित खाजगी शाळांमधली चतुर्थश्रेणीची, म्हणजे शिपायासारखी पदं मरणपंथाला लावली. जे कामावर आहेत ते निवृत्तीपर्यंत राहतील, पण जागा रिकामी झाली की ती पुन्हा भरायची नाही. तिच्याऐवजी शाळेला 'शिपाई भत्ता' मिळेल. मुंबई-पुण्यात महिन्याला १०,००० रुपये, इतर महानगरपालिकांच्या हद्दीत ७,५०० आणि बाकी महाराष्ट्रात ५,०००. नागपूर मधल्या गटात. सातव्या वेतन आयोगात शिपायाचं मूळ वेतनच १५,००० रुपयांपासून सुरू होतं, त्यावर महागाई भत्ता वेगळा. म्हणजे त्याच कामासाठी सरकारनं निव्वळ मूळ वेतनाच्याही अर्धी किंमत ठरवली. त्यात ना वार्षिक वाढ, ना निवृत्तीवेतन, ना आजारपणाची रजा.

साडेसात हजार म्हणजे दिवसाला अडीचशे रुपये. या पैशात नागपुरात संसार चालतो असं हा आदेश काढणाऱ्यांपैकी कोणाला मनापासून वाटलं असेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

भाऊंनंतर आमच्याकडे एक मुलगा आला. चांगला होता, चार महिन्यांत निघून गेला. दुसरा आला, त्याला हिंगण्याच्या एमआयडीसीत काम मिळालं. तिसरा पेट्रोल पंपावर लागला. मी एकालाही दोष देत नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. पण दर वेळी नवा माणूस आला की मी ती वही काढते आणि कुठली चाबी उचलून फिरवायची ते पहिल्यापासून समजावून सांगते.

माझं म्हणणं एवढंच आहे की शिपाई हे शाळेतलं विश्वासाचं पद आहे. सरकारनं त्याची गणना ताशी मजुरीत केली, तिथेच चूक झाली. झाडू मारण्याचे किती, घंटी वाजवण्याचे किती, पाणी भरण्याचे किती, अशी बेरीज केली तर साडेसात हजारही जास्त वाटतील. पण शाळा या माणसांवर सोपवते ते याच्या पलीकडचं असतं.

आमच्या फाटकावर सुटीच्या वेळी काय होतं ते पाहा. बाराशे मुलं वीस मिनिटांत बाहेर पडतात. कोणाला ऑटोवाले काका न्यायला येतात, कोणाची आजी येते, कोणी सायकलनं जातं. भाऊंना हे सगळे चेहरे पाठ होते. एका मुलीच्या आईवडिलांचा कोर्टात वाद सुरू होता आणि ताबा आईकडे होता. एके दिवशी वडील फाटकावर आले, हातात चॉकलेटचा डबा, मुलीला घेऊन जातो म्हणाले. भाऊंनी त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि माझ्याकडे निरोप पाठवला. आवाज चढवला नाही, मुलीसमोर तमाशा होऊ दिला नाही. ती नजर कुठल्या कॅमेऱ्यात नसते आणि ती चार महिन्यांत येतही नाही.

ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचाराची घटना घडली. तिथला आरोपी कंत्राटी सफाई कामगार होता. सगळा महाराष्ट्र हादरला. त्यानंतर २१ ऑगस्टला शासन निर्णय निघाला. सीसीटीव्ही महिनाभरात बसवा, कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्या, लहान मुलांसाठी शक्यतो महिला कर्मचारी नेमा. त्यातली एकही सूचना चुकीची नाही, आम्ही त्या पाळल्या. पण जिथं माणूसच दर चार महिन्यांनी बदलतो तिथं पडताळणी कोणाची करायची? अर्ज ठाण्यात जातो, प्रमाणपत्र हाती येतं, तोवर तो मुलगा दुसरीकडे लागलेला असतो. आणि साडेसात हजारांत सहा वर्षांखालच्या मुलींसाठी कायमची, ओळखीची, भरवशाची बाई कुठून आणायची? एका निर्णयानं कायमची माणसं काढायची, दुसऱ्या निर्णयानं विश्वासाची माणसं मागायची, हे एकाच खात्यातून होतं आहे. मुलांच्या सुरक्षिततेचा मुद्दा आला की पहिला प्रश्न कॅमेऱ्यांचा निघतो. माझ्या मते तो माणसांच्या नेमणुकीचा निघायला हवा.

आमच्या परिचर बाईंबद्दल थोडं सांगायलाच हवं. सगळी मुलं त्यांना मावशी म्हणतात. त्यांच्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात एक पिशवी असते. तिच्यात सॅनिटरी पॅड, दोन जुन्या सलवारी, सेफ्टी पिना, ग्लुकोजची पुडी आणि एक टॉवेल. सातवी-आठवीच्या मुली वर्गातून उठतात त्या आधी मावशीकडे जातात, मॅडमकडे नाही. मला याचं कधी वाईट वाटलं नाही. मुलींना ठाऊक असतं की मावशी प्रश्न विचारत नाहीत, पिशवी काढतात. एका मुलीला फिट यायची. तिच्या तोंडात चमचा घालायचा नाही, तिला कुशीवर वळवायचं आणि डोक्याखाली काही तरी मऊ ठेवायचं, हे डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं. आईनं ते मावशींना सांगितलं आणि मावशींनी आम्हा शिक्षकांना शिकवलं. मावशी आणखी तीन वर्षांनी साठीच्या होतील. त्यांचं पदही तेव्हा संपेल.

नागपूरच्या उन्हाळ्यात शाळा चालते कशी, हेही सांगते. मार्चपासून सकाळपाळी असते. एप्रिलमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो. सातची शाळा म्हणजे शिपायाची सहाची. टाकी भरली का, फिल्टर चालू आहे का, ऑफिसच्या कूलरमध्ये पाणी आहे का, कालची कूलरची जाळी बदलली का. मुलांना सुट्या लागल्या तरी शिपायाला लागत नाहीत. आपल्याकडे विदर्भात उन्हामुळे शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. त्याआधी पाखरांची घरटी काढणं, टाकी घासणं, गवत काढणं, बाकं दुरुस्तीला टाकणं, पुस्तकांचे गठ्ठे उतरवून घेणं हे सगळं झालेलं असतं. बोर्डाच्या परीक्षेत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे शिवून वेळेत पाठवणं त्यांच्याच हातचं. १९ एप्रिल २०२४ला नागपुरात लोकसभेचं मतदान झालं, तेव्हा आमच्या शाळेत बूथ होते. आदल्या दिवशी मतदान पथकं आली, त्यांना खोल्या उघडून देणं, पिण्याचं पाणी, संडासाची सोय, रात्रीचा दिवा, हे भाऊंनी आणि मावशींनी पाहिलं. नागपुरात त्या दिवशी ज्यांनी मत दिलं त्यांतल्या बहुतेकांच्या बूथचं दार असल्याच कोणी तरी उघडलं होतं.

आता ग्रामीण भागाकडे या. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत शिपायाचं पदच नसतं. रामटेक, पारशिवनी, भिवापूर अशा तालुक्यांतल्या दोनशिक्षकी शाळांत दार शिक्षक उघडतात, झाडू शिक्षक आणि मुलं मारतात, संडास कोणी साफ केला तर केला. शिक्षण हक्क कायदा, २००९च्या परिशिष्टात शाळेला काय काय हवं त्याची यादी आहे. मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह हवं, पिण्याचं पाणी हवं, मैदान हवं, स्वयंपाकघर हवं. पण त्या स्वच्छतागृहाला रोज पाणी मारणारा माणूस हवा, असं त्या यादीत कुठंही नाही. समग्र शिक्षा अभियानातून १०१ ते २५० पटाच्या सरकारी शाळेला वर्षाला ५०,००० रुपयांचं एकत्रित अनुदान ठरलेलं आहे आणि त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे आहेत. दहा टक्के म्हणजे वर्षाचे ५,००० रुपये. त्यात फिनाईल, झाडू, ब्रश, साबण आले. माणूस त्यात बसत नाही. मग मुलींचे संडास कुलूपबंद राहतात. मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, आणि सहावी-सातवीत गैरहजेरी का वाढते यावर आम्ही सभा घेत बसतो.

पोषण आहार शिजवणाऱ्या बायांचा प्रश्न याच रांगेतला. त्यांच्याबद्दल वेगळा लेख व्हावा इतका तो मोठा आहे. त्यांना महिन्याला २,५०० रुपये मानधन मिळतं, तेही कित्येक वर्षं हजार-दीड हजारावर राहिल्यानंतर. सरकार त्यांना कर्मचारी म्हणत नाही.

बाबूंचं दुखणं वेगळं आहे. शिपायाच्या जागा सरळ संपवल्या, बाबूंच्या बाबतीत कामाचा डोंगर केला. २८ जानेवारी २०१९च्या आकृतिबंधानं, म्हणजे पदं ठरवणाऱ्या निर्णयानं, लिपिकांची संख्या विद्यार्थिसंख्येला बांधली. पण काम विद्यार्थिसंख्येच्या प्रमाणात वाढलेलं नाही, पोर्टलच्या संख्येनं वाढलं आहे. शाळेच्या माहितीचं युडायस प्लस, स्टुडंट पोर्टल, पगाराचं शालार्थ, शिष्यवृत्तीचं महाडीबीटी, बोर्डाचं परीक्षा पोर्टल, त्यात आता प्रत्येक मुलाचा अपार आयडी. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा आणि प्रत्येकाची शेवटची तारीख उद्याची. वर सर्व्हर बंद.

चूक झाली तर तिची किंमत किती असते ते पालकांना कळावं म्हणून एक उदाहरण. ३० सप्टेंबरच्या पटावर शाळेची संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरतं. त्यात आधारशी जुळलेलीच मुलं धरली जातात. एखाद्या मुलाचं नाव आधारवर 'वैष्णवी' आणि रजिस्टरमध्ये 'वैशनवी' असलं, तर ते मूल वर्गात बसलेलं असूनही पटावर धरलं जात नाही. अशी दहा-पंधरा मुलं निसटली तर एक शिक्षक अतिरिक्त ठरू शकतो. म्हणजे एका शिक्षकाची नोकरी एका बाबूच्या टायपिंगवर टांगलेली असते, आणि तो बाबू त्याच वेळी फी घेत असतो, टी.सी. लिहीत असतो, वेतन पथकातून आलेल्या फोनला उत्तर देत असतो.

आमचे बडे बाबू जनरल रजिस्टर कोणाला हात लावू देत नाहीत. सुरुवातीला मला ते हटवादी वाटायचं. मग एकदा एक म्हातारे गृहस्थ आले. नातवाच्या जात पडताळणीसाठी त्यांच्या वडिलांच्या शाळाप्रवेशाची नोंद हवी होती. बडे बाबूंनी लाल कापडात बांधलेलं रजिस्टर काढलं, पानं चिकटू नयेत म्हणून मध्ये ठेवलेले कागद एकेक करून बाजूला केले आणि अर्ध्या तासात ती ओळ काढून दिली. म्हाताऱ्यानं त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. त्या एका ओळीवर नातवाचा मेडिकलचा प्रवेश अवलंबून होता. हे रजिस्टर वाळवीपासून, पावसापासून, उंदरांपासून पिढ्यान्‌पिढ्या कोणी जपलं? २०२३मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती बसली, तेव्हा राज्यभरात शाळांची हीच जुनी दप्तरं उघडली गेली. ती उघडायला शाबूत होती, याचं श्रेय त्या शाळांच्या बाबूंना आणि शिपायांना कोणी दिलेलं मी ऐकलं नाही.

माझ्या म्हणण्याविरुद्ध जे बोललं जातं, त्यात तथ्य आहे तेवढं मी मान्य करते. पहिलं म्हणजे पैसा. राज्याच्या तिजोरीचा मोठा भाग पगार आणि निवृत्तीवेतनात जातो, हे खरं आहे. पण सगळ्यात कमी पगाराच्या माणसाचं पद संपवून तिजोरी सावरते, हे मला पटत नाही. शिपाई नसला की त्याचं काम शिक्षक करतात. तास सोडून टपाल घेऊन शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात जातात, फाटकावर उभे राहतात, पंप बंद करायला धावतात. शिक्षकाचा पगार शिपायाच्या कितीतरी पट असतो. त्याच्याकडून शिपायाचं काम करवून घेण्यात कसली बचत? आणि जो तास बुडाला तो मुलांचा बुडाला, त्याचा हिशेब कुठल्याच लेखाशीर्षात येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. खाजगी संस्थांमध्ये शिपायाची जागा विकली जायची. शेत विकून, बायकोचे दागिने मोडून पैसे भरलेली माणसं मी पाहिली आहेत. शाळेत सही करून संस्थाचालकाच्या घरी भाजी आणणारे, त्यांच्या गाड्या धुणारे शिपाईही पाहिले आहेत. २०२५मध्ये आपल्याच नागपूर विभागात बनावट शालार्थ आयडीचं प्रकरण उघडकीला आलं, अधिकाऱ्यांना अटक झाली. हा रोग खोटा नाही. पण शिक्षकांच्या भरतीतही हाच रोग होता. तिथं सरकारनं २०१७मध्ये पवित्र पोर्टल आणलं. त्यात दोष आहेत, पण शिक्षकाचं पदच रद्द करा असं कोणी म्हणालं नाही. मग शिपायाच्या आणि बाबूच्या भरतीला तशीच गुणवत्तेची, उघड पद्धत का नाही? भ्रष्टाचार संस्थेनं केला आणि शिक्षा पदाला झाली. शिवाय आज साडेसात हजारांचा माणूस संस्थाच नेमते, आणि त्याला सेवेचं कुठलंच संरक्षण नाही. १९७७च्या खाजगी शाळा कर्मचारी अधिनियमानं आणि १९८१च्या नियमावलीनं कायम शिपायाला निदान दाद मागायला दार दिलं होतं. भत्त्यावरचा मुलगा संस्थाचालकाच्या घरी भाजी आणायला नाही म्हणू शकेल का?

तिसरा आक्षेप ऑटोमॅटिक घंटीचा, म्हणजे यंत्र आलं की शिपाई कशाला हवा. आमच्याकडे ती आहे, चांगली वाजते.

ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उत्तर प्रदेशातल्या उच्च शिक्षण सेवा आयोगातल्या चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात निकाल दिला. तीस-पस्तीस वर्षं रोजंदारीवर ठेवलेल्या त्या माणसांना नियमित करायला सांगितलं. रोजचं, कायमचं सार्वजनिक काम करणाऱ्यांच्या पाठीवर सरकारनं आपला अर्थसंकल्प तोलू नये, असा त्या निकालाचा आशय आहे. आमच्या फाटकावरचं काम रोजचंच आहे आणि शाळा आहे तोवर कायमचंच आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. २०२०चा तो निर्णय मागे घ्यावा. प्रत्येक अनुदानित शाळेत किमान एक शिपाई आणि एक महिला परिचर ही नियमित वेतनाची, नियमावलीतल्या संरक्षणाची पदं असावीत आणि त्यांची भरती पोर्टलवरून, उघड व्हावी. जिल्हा परिषदेच्या शाळांत दोन-तीन जवळच्या शाळा मिळून का होईना, एक सफाई कर्मचारी ग्रामपंचायतीनं नव्हे तर शिक्षण खात्यानं नेमावा. लिपिकांची संख्या ठरवताना पटाबरोबर ऑनलाइन कामाचा भारही मोजावा. हे सगळं एका वर्षात होणार नाही. पण शिपायाचं पद संपवणं थांबवायला एक परिपत्रक पुरेसं आहे.

दर डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरतं, तेव्हा शिक्षकेतर कर्मचारी मोर्चा घेऊन येतात. यशवंत स्टेडियमजवळ मंडप पडतो, एखादा मंत्री येऊन निवेदन घेतो, दोन दिवसांनी मंडप निघतो. रस्ता बंद झाला म्हणून आपण नागपूरकर वैतागतो. पुढच्या वेळी त्या मंडपात जरा थांबा. आणि त्याआधी, जूनमधल्या पहिल्या पालकसभेत, गुणपत्रिका आणि गॅदरिंगच्या आधी मुख्याध्यापकांना विचारा की फाटकावर उभा राहणारा माणूस किती दिवसांपासून आहे, त्याला पगार किती आणि तो कोण देतं, आणि मुलींच्या संडासाची चाबी कोणाकडे असते. मला विचारलंत तर मी वही काढून दाखवीन.